एक विनंती : सोडत काढा

प्रति,
अधिष्ठाता, प्रवेश विभाग,
स्वॉर्थमोर कॉलेज, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका



पत्र मराठीत आहे. तुमच्या कचेरीत मराठी वाचणारं कुणी असेल-नसेल. नसलं तरी चालेल, कारण नाव तुमचं असलं तरी हे पत्र इथल्या काही घरांतही वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे. त्या घरांत सध्या बारावीचं मूल रात्री दोन वाजता लॅपटॉप उघडून बसलेलं असतं, आणि ‘झोप आता’ म्हणावं की चहा करून द्यावा, हे आईला ठरवता येत नसतं.

मी पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. पूर्वी शिफारसपत्रं लिहायचं काम इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकांकडे असायचं, मुलं एम. एस. ला जायची. आता बारावीतूनच निघतात, त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे हे काम आमच्या टेबलावर येतं. मुलांच्या याद्यांत नावाजलेल्या विद्यापीठांच्या जोडीला विल्यम्स, ॲम्हर्स्ट, पोमोना, बोडन आणि स्वॉर्थमोर ही छोटी कॉलेजंही दिसू लागली आहेत. आधीच सांगते, माझ्या कुणा विद्यार्थ्याला तुम्ही नकार दिला म्हणून हे लिहीत नाही. पत्र तुम्हालाच का, ते पुढे येईल.

ऑक्टोबर ते मार्च मला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो : ‘मॅडम, माझा चान्स किती?’ विचारणाऱ्याला स्वतःचा तपशील पाठ असतो. दहावीला सत्त्याण्णव टक्के, सॅट परीक्षेत १५१०, कथकच्या परीक्षा, ऑलिंपियाडची पहिली फेरी, एका वस्तीत शनिवारी घेतलेले गणिताचे वर्ग. साथीच्या काळात तुम्ही सॅट ऐच्छिक केलीत, तेव्हापासून एक उपप्रश्नही असतो : १५१० पाठवू की झाकून ठेवू?

मी आकडेमोड करून दाखवते. तुमच्याकडे अलीकडे वर्षाला तेरा-चौदा हजार अर्ज येतात, होकार हजाराच्या आसपास जातात, आणि प्रत्यक्ष दाखल होतात ती मुलं सव्वाचारशेच्या आगेमागे. म्हणजे होकार शंभरात सात-आठ जणांना. ‘पण मॅडम, माझा?’ मूल चिवट असतं, आणि त्याचं बरोबर असतं. शंभरात सात-आठ ही सरासरी आहे, आणि सरासरीत कुणीच राहत नाही. एखाद्या संघाच्या प्रशिक्षकाला हवा असलेला पोहणारा तिच्यात आहे. ‘घेतलंत तर तुमच्याकडेच येईन’ असं नोव्हेंबरातच लिहून देणारा आहे. तुमच्यासारख्या कित्येक कॉलेजांत निम्म्याच्या आसपास जागा या आगाऊ फेरीतच भरतात. आणि ज्याच्या वडिलांना वर्षाला ऐंशी हजारांहून जास्त डॉलर, म्हणजे सत्तर लाखांच्या घरातली रक्कम, सहज भरता येते तोही आहे.

अमेरिकन मुलाचा अर्ज वाचताना तुम्ही त्याच्या घरची ऐपत बघत नाही, परदेशी मुलाची बघता. हे तुम्ही उघड लिहिता, आणि ज्याला घेता त्याची गरज कर्ज न लादता पूर्ण भागवता. याबद्दल माझ्या मनात आदर आहे. इथल्या कित्येक खासगी विद्यापीठांना एवढं साधलेलं नाही. पण परिणाम असा होतो की मदत मागणारं आमचं मूल एका वेगळ्या रांगेत उभं राहतं, आणि त्या रांगेत पुढे किती जण आहेत हे त्याला दिसत नाही. बँकेत टोकन घेतलं तरी फलकावर नंबर दिसतो.

आता मुलं तुमच्याकडे येण्यासाठी एवढी का झुरतात, ते सांगायला हवं, कारण इथे अनेकांना हे प्रकरणच गमतीशीर वाटतं. मराठी मध्यमवर्गात ‘आर्ट्स’ला जाणं म्हणजे सायन्सला मार्क कमी पडणं. बी. ए. करतो असं मुलगा म्हणाला तर काका-मामांची बैठक बसते. तीच मंडळी ‘लिबरल आर्ट्स, अमेरिकेत’ असं ऐकलं की पेढे वाटायच्या तयारीत असतात. या ढोंगाकडे सध्या दुर्लक्ष करू. मुलांची ओढ मात्र खरी आहे. आमच्याकडे सोळाव्या वर्षी दार बंद होतं : फिजिक्स घेतलंस ना, मग इतिहास संपला. नव्या शैक्षणिक धोरणाने दार किलकिलं केलंय म्हणतात. वर्गात मला अजून वारा लागलेला नाही. आणि तुमच्याकडे जेमतेम सतराशे मुलांच्या कॉलेजात इंजिनिअरिंगची पदवी तत्त्वज्ञान आणि संगीताच्या शेजारी बसलेली. पहिल्या सत्राला श्रेणी नाही, उत्तीर्ण झालात की पुरे, म्हणजे मूल न घाबरता अनोळखी विषयात शिरेल. फ्रँक आयडलॉट अध्यक्ष असताना १९२२ मध्ये सुरू झालेला ऑनर्सचा अभ्यासक्रम, ज्यात शेवटी दुसऱ्या विद्यापीठांतले बाह्य परीक्षक येऊन लेखी आणि तोंडी परीक्षा घेतात. आमच्याकडेही फेब्रुवारीत प्रॅक्टिकलला बाह्य परीक्षक येतात. त्यांच्या जेवणाची सोय काय, ही आमची मुख्य चिंता असते. ज्या मुलीला बाह्य परीक्षकासमोर तासभर आपल्या विषयावर वाद घालायचाय, तिने तुमच्या कॉलेजचं स्वप्न पाहिलं तर मी तिला वेडी कशी म्हणू?

तेव्हा ओढीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तुमच्या मापनाबद्दल. तो माझा विषय आहे.

अकरावीच्या पहिल्या महिन्यात आम्ही व्हर्निअर कॅलिपर शिकवतो. त्याचं लीस्ट काउंट ०.०१ सेंटीमीटर. त्याहून बारीक फरक त्या कॅलिपरला कळत नाही. तरी दर वर्षी एखादा उत्साही विद्यार्थी कॅल्क्युलेटरवर सरासरी काढून गोळीचा व्यास २.३४५६ सेंटीमीटर लिहून आणतो, आणि मी त्याचे गुण कापते. शेवटचे दोन आकडे त्याने मोजलेले नसतात, यंत्राने नुसते छापलेले असतात. तुमची प्रवेशप्रक्रिया बघते तेव्हा मला ते शेवटचे दोन आकडे आठवतात.

तुमचं उपकरण काय आहे? कॉमन ॲप्लिकेशन नावाचा अर्ज. १९७५ मध्ये पंधरा खासगी कॉलेजांनी मुलांचा त्रास वाचावा म्हणून तो सुरू केला. आज हजाराहून जास्त संस्था त्यात आहेत आणि एका खात्यातून वीस ठिकाणी अर्ज करता येतो. त्रास वाचला तो एवढाच की मूल सहाऐवजी पंधरा ठिकाणी अर्ज करतं. त्यामुळे प्रत्येक कॉलेजचे अर्ज वाढतात, होकारांचं प्रमाण घटतं, ते घटलेलं प्रमाण बघून पुढच्या वर्षीचं मूल घाबरतं आणि अठरा ठिकाणी अर्ज करतं. काळजी स्वतःच आपलं कारण तयार करते. अर्जात साडेसहाशे शब्दांचा निबंध असतो, आणि दहा उपक्रमांची यादी. प्रत्येक उपक्रमाचं वर्णन दीडशे अक्षरांत. शब्दांत नव्हे, अक्षरांत! आजारी आजोबांना वर्षभर सांभाळलं हे दीडशे अक्षरांत कसं मावेल, हे मला एका मुलाने विचारलं होतं. त्याने ती नोंद काढून टाकली आणि तिथे ‘रोबोटिक्स क्लब, खजिनदार’ असं घातलं.

मग माझा फॉर्म. शिक्षकाच्या शिफारसपत्रासोबत एक तक्ता असतो. बौद्धिक कुतूहल, लिखाण, वर्गातला सहभाग, परिपक्वता अशा ओळी, आणि समोर रकाने : सरासरीपेक्षा कमी, सरासरी, चांगला, खूप चांगला, वरच्या दहा टक्क्यांतला, वरच्या पाच टक्क्यांतला, आणि सगळ्यात उजवीकडे ‘माझ्या आजवरच्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक’. माझ्या एका तुकडीत शंभरावर मुलं असतात. त्यांतल्या निम्म्यांचे आवाजही मी ऐकलेले नसतात. ती क्लासला जातात, माझ्याकडे हजेरीपुरती येतात. तरी मला ‘कारकिर्दीत’ कुणाचा नंबर कितवा हे सांगायचंय. प्रामाणिकपणे ‘खूप चांगला’वर टिक केली तर मुलाचा घात होतो, कारण शेजारच्या कॉलेजातल्या सरांनी सगळ्या टिका उजवीकडे केलेल्या असतात. मग मीही उजवीकडे सरकते. आम्ही सगळेच सरकतो. आमच्या सगळ्यांच्या कारकिर्दीतली मोजकी मुलं मिळून एक मंगल कार्यालय भरेल.

वाचतं कोण? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एक पद्धत काढली आणि पुढे तुमच्यासह अनेकांनी ती उचलली : दोन वाचक शेजारी बसतात, एक गुणपत्रक आणि शिफारसी बघतो, दुसरा निबंध आणि उपक्रम, काही मिनिटं बोलतात आणि शिफारस नोंदवतात. ही माणसं आळशी नाहीत हे मला कळतं. मीसुद्धा बोर्डाचे पेपर तपासते. गठ्ठा किती आणि दिवस किती, हे गणित मला ठाऊक आहे. पण याच कारणाने मला हेही ठाऊक आहे की गठ्ठ्यातला साठावा पेपर आणि सहावा पेपर एकाच डोळ्यांनी तपासला जात नाही. बोर्डाकडे उत्तरांचा नमुना तरी असतो. सतरा वर्षांच्या माणसाच्या स्वभावाची आदर्श उत्तरपत्रिका कुणाकडे आहे?

तेरा हजारांतले अर्धे तुम्ही नीट वेगळे काढू शकता, याबद्दल मला शंका नाही. तुमचा अभ्यासक्रम झेपेल कुणाला, नाही कुणाला, हे गुण आणि लिखाण बघून कळतं. सहा-सात हजार उरतील, ज्यांतलं कुणीही आलं तरी तुमचे बाह्य परीक्षक खूश होतील. त्यांच्यातून हजार निवडताना मात्र तुम्ही लीस्ट काउंटच्या खाली मोजत असता. आणि त्याला ‘समग्र मूल्यमापन’ म्हणता.

ते निव्वळ शास्त्रीय पाप असतं तर मी गुण कापून गप्प बसले असते. पण मुलं तुमच्या मापावर विश्वास ठेवतात. तीन निकाल मी जवळून पाहिलेत.

पहिला अकरावीचा. ऑनलाइन यादी लागते, कट-ऑफ ९६.४, मुलाला ९६. तो रडतो, शिव्या देतो, संस्कृतच्या पेपरात गेलेले दोन मार्क आठवतो. आठवड्यात दुसऱ्या कॉलेजात मित्र जमवतो. माप क्रूर आहे, पण मोजलं काय ते त्याला माहीत आहे : पेपर.

दुसरा शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांचा. तिथे सोडत निघते. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनिसाच्या मुलीचं नाव आलं नाही. ‘नंबर नाही लागला, मॅडम,’ एवढंच तो म्हणाला, चार दिवस पडलेल्या चेहऱ्याने वावरला आणि मुलीला महापालिकेच्या शाळेत घातलं. आपल्या सहा वर्षांच्या मुलीत काय कमी होतं, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. शिवायचं कारणच नव्हतं.

तिसरा तुमच्या प्रकारच्या एका कॉलेजचा. नाव मुद्दाम सांगत नाही. मुलगी अशी की खगोलशास्त्रही हवं आणि मोडी लिपीही. निबंध आजीबरोबर घरातली जुनी मोडी कागदपत्रं वाचण्यावर. तुमच्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे मार्चात आमच्याकडे पहाटेचे साडेचार. निकाल तेव्हा लागतो, बोर्डाच्या परीक्षेच्या ऐन धामधुमीत. त्या पहाटे नकार आला. परीक्षा आटोपल्यावर ती मला भेटायला आली ती निबंधाची छापील प्रत घेऊन. तिने स्वतःच लाल पेनाने खुणा केल्या होत्या. आजीवरचा परिच्छेद ‘फार घरगुती’, शेवट ‘पुरेसा मोठा नाही’, उपक्रमांत ‘नेतृत्व दिसत नाही’. मला विचारत होती, नक्की कुठल्या वाक्याने घालवलं? मी म्हटलं, कुठल्याच नाही, जागाच कमी होत्या. तिला ते पटलं नाही. कसं पटेल? पत्रात लिहिलं होतं की समितीने तुमच्या अर्जाचा सर्व अंगांनी काळजीपूर्वक विचार केला. सर्व अंगांनी विचार करून नाही म्हटलं, म्हणजे सर्व अंगांनी मीच कमी, असा अर्थ सतरा वर्षांच्या मुलीने काढला तर दोष तिच्या तर्काचा नाही.

सोडतीचा नकार बाहेरच राहतो. कट-ऑफचा नकार पेपराला चिकटतो. तुमचा नकार माणसाला चिकटतो, आणि नोव्हेंबर ते मार्च ज्या काळजीने मुलं पोखरली जातात ती या चिकटण्याच्या भीतीची काळजी आहे. जागा कमी आहेत हे त्यांना कळतं. मुंबईची लोकल बघितलेल्या देशात ते कुणाला समजवावं लागत नाही.

आता तुम्हालाच का. बॅरी श्वार्ट्झ हे मानसशास्त्राचे प्राध्यापक चार दशकांहून जास्त काळ तुमच्याच कॉलेजात शिकवत होते. निवडीचे पर्याय वाढले की माणूस सुखी होण्याऐवजी त्रासतो, हे सांगणारं त्यांचं २००४ चं पुस्तक जगभर वाचलं गेलं. २००५ मध्ये त्यांनी एक साधी सूचना केली : नामांकित कॉलेजांनी ‘पुरेसे चांगले’ अर्जदार वेगळे काढावेत आणि त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून निवड करावी. म्हणजे मुलांना सर्वोत्तम असण्याची गरज उरणार नाही, पुरेसं चांगलं असणं पुरेल, आणि उरलेल्या वेळात ती आवडीचं काहीतरी करतील. सूचना तुमच्या अंगणातून आली. त्यानंतर वीसहून अधिक वर्षं गेली. कुणी हसलं, कुणी कौतुक केलं, चिठ्ठ्या काही निघाल्या नाहीत.

अशक्य आहे म्हणू नका. छोट्या कॉलेजांनी याआधी नियम मोडले आहेत, आणि काही वेळा मोठ्यांच्या आधी मोडले आहेत. बोडनने १९६९ मध्येच सॅटची सक्ती काढली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप ॲम्हर्स्टने २०२१ मध्ये बंद केलं. बोडनने २०२२ मध्ये जाहीर केलं की परदेशी मुलांचीही ऐपत बघणार नाही. ॲम्हर्स्ट तर ते कितीतरी आधीपासून करतं. आणि तुम्ही! डिसेंबर २००० मध्ये तुमच्या विश्वस्तांनी अमेरिकन फुटबॉलचा संघच बंद केला. कारण सरळ होतं : एवढ्याशा कॉलेजात इतक्या संघांसाठी खेळाडू घेत बसलं तर प्रवेशाच्या फार जागा त्यातच जातात. माजी विद्यार्थी खवळले, देणग्या थांबवायच्या धमक्या आल्या, कॉलेज चालूच राहिलं. अमेरिकेत फुटबॉल बंद करणारी संस्था चिठ्ठ्यांना घाबरते, हे मला पटत नाही.

आक्षेप मलाही सुचतात. मेहनतीचं काय, हा सगळ्यात सोपा. पुरेशा चांगल्यांत येण्यासाठी मेहनत लागतेच. नेदरलँड्सचा अनुभव जास्त अवघड आहे. तिथे वैद्यकीय प्रवेशासाठी सत्तरच्या दशकापासून सोडत होती, चांगल्या गुणांना जास्त संधी देणारी. नव्वदच्या दशकात उत्तम गुणांची एक मुलगी तीनदा हुकली, देशभर गदारोळ झाला, नियम बदलले, आणि २०१७ पासून सोडत बंद झाली. मग निवडप्रक्रिया आली, तिच्याबरोबर शिकवणीवाले आले, सधन घरांतली मुलं पुढे सरकू लागली अशी ओरड झाली, आणि २०२३ पासून विद्यापीठांना पुन्हा सोडतीची मुभा मिळाली. म्हणजे सोडतीतही अन्याय होतो. पण तो पैसे देऊन टाळता येत नाही. पुण्या-मुंबईत तुमच्या अर्जांसाठी लाखांत फी घेणारे सल्लागार आहेत. ते मुलाला अकरावीत संस्था काढून देतात, बारावीत तिच्यावर निबंध बेतून देतात. चिठ्ठी कशी निघावी याचा क्लास मात्र अजून कुणाला काढता आलेला नाही.

खरी अडचण मला वेगळीच वाटते, आणि ती तुमच्या शेजारची आहे. तुमच्यापासून जेमतेम अठरा किलोमीटरवर, फिलाडेल्फियात, १८८३ च्या जून महिन्यात लिहिलेलं अठरा वर्षांच्या एका मराठी मुलीचं प्रवेशासाठीचं पत्र पोचलं. आनंदीबाई जोशी. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. तुमच्या कॉलेजसारखीच क्वेकर पंथाच्या मंडळींच्या पुढाकारातून उभी राहिलेली संस्था. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करू की नाही याची खात्री नाही, हे त्या मुलीने पत्रात मोकळेपणाने कबूल केलं होतं. कुणीतरी ते वाचलं आणि तिला घेतलं. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर? किंवा ‘पुरेसं चांगलं’ची रेष गुणांवर आखली असती, तर आनंदीबाई रेषेच्या खालीच राहिल्या असत्या.

म्हणून वाचन बंद करा असं मी म्हणत नाही. वाचा, आणि वाचण्याचा वेळ आनंदीबाईंसारख्यांवर खर्च करा, ज्यांचे कागद अपुरे आहेत आणि माणूस पुरेसं आहे. रेष कुठे, आणि ती ओलांडायची संधी कुणाला, हे माणसांनीच ठरवावं. वाद आहे तो रेषेच्या वर गेलेल्या हजारोंचा. त्यांच्यात सनई वाजवणारा जास्त योग्य की बुद्धिबळ खेळणारा, हे काही मिनिटांत ठरवण्याचा आव सोडा. ऑर्केस्ट्राला ओबो वाजवणारा हवाच असेल तर तेवढ्या जागा बाजूला काढा आणि तसं सांगा. बाकीच्यांची सोडत.

आणि आजच्या आनंदीबाईंनी असं पत्र लिहायचं धाडस केलं असतं का, हेही एकदा स्वतःला विचारा. ‘मी सगळ्या अटी पुऱ्या करत नाही’ हे वाक्य कुठलाही सल्लागार पहिल्या वाचनातच खोडेल. माझी मुलं निबंधात चुकतात तीही नेमस्त, ठरवून केलेली चूक असते, ज्यातून तिसऱ्या परिच्छेदात धडा मिळतो.

पालकांचं सांत्वन करायला एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो, मीही करते. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की अशा कॉलेजात प्रवेश मिळून दुसरीकडे गेलेल्या मुलांची पुढची कमाई जवळपास तेवढीच राहिली. कॉलेज मूल घडवतं त्यापेक्षा मूल आधीच घडलेलं असतं, असा अर्थ. ऐकून बरं वाटतं. पण त्याच अभ्यासात एक अपवाद होता : गरीब घरातल्या मुलांना फरक पडत होता. म्हणजे ‘कुठेही गेलास तरी सारखंच’ हे मी कोरेगाव पार्कातल्या मुलाला प्रामाणिकपणे सांगू शकते. प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची मुलगी दहा-बारा वर्षांनी समोर येऊन उभी राहिली तर तिला नाही सांगू शकणार, आणि तीच तुमच्या न दिसणाऱ्या रांगेत असेल. २०१७ मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी अशी अडतीस कॉलेजं मोजली, जिथे सर्वात श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं खालच्या साठ टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. मिडलबरी, कोल्बी, केनयन अशी तुमच्याच जातकुळीची नावं त्यात आहेत. या जागा सोडतीने वाटल्या असत्या तर एवढा तोल ढळला असता का?

सोडत एका वर्षात येणार नाही, हे मला समजतं. विश्वस्त आहेत, देणगीदार आहेत, प्रशिक्षक आहेत. तोवर दोन गोष्टी करता येतील, आणि त्यांना कुणाची परवानगी लागू नये. मदत मागणाऱ्या परदेशी मुलांचे अर्ज किती आले आणि होकार किती गेले, हे दर वर्षी छापा. आकडा भीतिदायक असेल, तरी मोजलेली भीती झोपू देते. आणि नकाराच्या पत्रात, जिथे खरं असेल तिथे, एक ओळ घाला : तुमचा अर्ज आमच्या दृष्टीने प्रवेशास पात्र होता, जागा नव्हती. ‘काळजीपूर्वक, सर्व अंगांनी’ ही दोन पदं काढली की तेवढी जागा सहज होईल.

माझ्या बाजूने मी एक गोष्ट ठरवली आहे. शिफारसीच्या त्या तक्त्यात सगळ्यात डावीकडे एक रकाना असतो : सांगण्यास आधार नाही. यंदापासून सगळ्या ओळींना मी तिथेच टिक करणार आणि मुलाबद्दल जे प्रत्यक्ष पाहिलं तेवढंच पत्रात लिहिणार. मुलांना विचारल्याशिवाय हे करणं बरोबर नव्हतं, म्हणून विचारलं. बहुतेकांनी, थोडं घाबरत, चालेल म्हटलं. एकीने स्पष्ट नाही म्हटलं : ‘मॅडम, तुमचं तत्त्व, पण ॲडमिशन माझी.’ तिच्या टिका सगळ्या उजवीकडे असतील. त्या कशा वाचायच्या ते तुम्हाला आता माहीत आहे. बाकीच्यांची पत्रं पंधरा नोव्हेंबरच्या आत पोचतील.

आपली,
फिजिक्सची एक शिक्षिका,
पुणे